एका टबात दोन क्रँक

माझ्या दोन्ही जावयांकडे एकाच मॉडेलच्या टॅक्स्या. थोरल्याची पहिल्या आवृत्तीची, धाकट्याची दुसऱ्या. बाहेरून जुळी भावंडं, फरक सगळा पोटात. पिस्टनच्या उड्यांना गरगर फिरायला लावणारा जो वेडावाकडा दांडा असतो, क्रँक, तो पहिल्या आवृत्तीत ओतीव, म्हणजे साच्यात ओतलेला होता. भरली गाडी चढावर नेली की मोडायचा. बोंब झाल्यावर कंपनीने दुसऱ्या आवृत्तीत घडीव, ठोकून घडवलेला दांडा घातला. तो सहसा दगा देत नाही.

थोरल्याचा एकदा मोडला होता. पुन्हा मोडला तर गाडी भंगारात आणि थोरला साडूच्या पदरी ड्रायव्हर, हे ठरल्यातच जमा होतं. धाकटा ते जेवताना बोलूनही दाखवी.

"साडू, काळजी करू नका. युनिफॉर्म मी शिवून देईन."

थोरला ताटात बघत राही. गाडी अशी हाके, की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. धाकटा मात्र माणसं कोंबून घाट असा चढे, की त्याच्या बायकोचा, माझ्या धाकटीचा, जीव खालच्या वळणावरच राही.

बेअरिंग बदलायला दोघांनी गाड्या एकदमच मिस्त्रीकडे टाकल्या. त्याने दोन्ही इंजिनं उघडली आणि डिझेल वाचावं म्हणून दोन्ही क्रँक एकाच टबात धुतले. खूण केली नाही. मापं तर दोन्हींची सारखीच.

"दोरीला टांगून हातोडी मारतो," मिस्त्री म्हणाला. "घडीव असेल तो घंटेसारखा वाजेल. ओतीव नुसता ठप्प करेल."

एक वाजला. एक ठप्प.

"वाजला तो माझा," धाकटा म्हणाला. "दुसरी आवृत्ती आहे."

"तसं छातीठोक नाही सांगता येणार," मिस्त्री म्हणाला. "थोरल्यांचा मोडला तेव्हा मी भंगारातून मिळेल तो घातला होता. आणि तुमचं इंजिन आधीच्या मालकाने उघडलेलं दिसतं. आत काय कोंबलं, त्यालाच ठाऊक."

धाकट्याचा चेहरा पडला. थोरला पहिल्यांदाच मान वर करून त्या वाजणाऱ्या दांड्याकडे बघायला लागला.

धाकटी डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मिस्त्रीकाका, ह्या दोघांना बाहेर काढा आणि शटर ओढा. कुठलाही कुठेही बसवा, आणि कुणाला सांगू नका."

"अगं, पण माझा..."

"तुमचाच कशावरून?"

बायकोपुढे धाकट्याचे ब्रेक चांगले लागतात. थोरला म्हणाला, "मला चालेल." त्याचं जाणार तरी काय होतं?

त्या दिवसापासून धाकटा घाट असा चढतो, जणू मागच्या सीटवर काचसामान आहे. धाकटी दोन घास जास्त जेवते.

आठवड्याभरात थोरली माझ्याकडे आली, पदर खोचून.

"बाबा, ह्यांना वाटतंय वाजणारा आपल्याकडेच आला. काल वळणावर ट्रकला मागे टाकलं. तुम्ही सांगा त्यांना, ठप्पवाला आपल्याकडे आहे म्हणून."

"मला कुठे माहीत आहे?"

"म्हणून तर सांगायला सोपं."

मुलीचा शब्द मोडवेना. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या गाडीत बसलो आणि घाटाच्या पायथ्याशी विषय काढला. "जावईबापू, मिस्त्री म्हणत होता, ओतीव तुमच्याकडेच गेलाय."

"बाबा," तो आरशातून हसला, "धाकट्यालाही हेच सांगितलंत ना?"

आणि त्याने गिअर टाकला. अर्ध्या घाटात पुढे धाकट्याची गाडी मुंगीच्या पावलांनी चाललेली दिसली. थोरल्याने हॉर्न दिला. मी डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकत राहिलो.