शेजारच्या टेबलावरची फाईल

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई बसायच्या. त्यांच्यामागे सगळे त्यांना नियमबाई म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. शिक्का जरा तिरका बसला तरी पत्र परत पाठवणाऱ्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार? देशभरातल्या लहान धावपट्ट्यांची सुरक्षा त्यांच्या शाखेकडे होती. विमानं उडवणारे वेगळे. ती कुठे उतरावीत आणि कुठे नाही, हे इथे कागदावर ठरे.

त्यांचा धाकटा भाऊ त्याच खात्यात निरीक्षक होता. आई गेल्यावर बाईंनीच त्याला वाढवलं होतं. डबे भरले, कान पिळले, नोकरीला लागला तेव्हा त्याचे बूटसुद्धा स्वतः घासून दिले. तो धावपट्ट्या हिंडायचा, बाई टेबल धरून बसायच्या.

एका डोंगराळ भागातल्या धावपट्टीच्या टोकाला झाडं वाढली होती. उतरणारं विमान शेंड्यांना घासायचंच बाकी होतं. भावाने लिहिलं, झाडं तोडेपर्यंत धावपट्टी बंद ठेवावी. ती फाईल नेमकी बाईंच्या टेबलावर आली.

आता नियम असा, की नातेवाइकाची फाईल आपण हाताळायची नाही. बाईंनी वर चिठ्ठी लावली, ‘निरीक्षक माझा सख्खा भाऊ, सबब शेजारच्या टेबलाकडे’, सही केली आणि फाईल सरकवली. शेजारचा कारकून रजेवर होता. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर फाईल अठरा दिवस पडून राहिली, बाईंच्या कोपरापासून हातभर अंतरावर.

मधे भावाचा फोन आला. “ताई, ती फाईल वर पाठव ना.”

“तुझी आहे म्हणूनच हात लावणार नाही.”

“अगं, मी काय माझ्यासाठी बंगला मागतोय? झाडं आहेत ती. तुझ्या रजेवरच्या माणसासाठी थांबतात होय वाढायची?”

“आणि लोक काय म्हणतील? भावाची फाईल काखेत मारून जिना चढते?”

तो हसला. “धन्य आहेस बाई,” म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

एकोणिसाव्या दिवशी तो त्या धावपट्टीची पुन्हा पाहणी करायला लहान विमानाने निघाला. उतरताना विमान त्याच झाडांत गेलं. वैमानिक वाचला, भाऊ गेला.

महिन्याभरात चौकशी समिती बसली. निरीक्षकाने आधी इशारा दिलाच नव्हता, असं जो तो बोलू लागला, कारण फाईल मिळत नव्हती. मिळणार कशी? अपघातानंतर बाईंच्या साहेबांनी ती शेजारच्या टेबलावरून उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली होती.

“तुमच्याच भल्यासाठी सांगतो,” साहेब म्हणाले. “त्या चिठ्ठीवर सही तुमची आहे. गेलेला माणूस काही परत येत नाही. झाकली मूठ राहू द्या.”

“मूठ माझी आहे, साहेब,” बाई म्हणाल्या. “मेलेल्या माणसावर खापर फोडू देणार नाही मी. किल्ली द्या.”

साहेबांनी नाइलाजाने किल्ली दिली. त्यांनी फाईल नेऊन समितीपुढे ठेवली. अध्यक्षांनी ती दोनदा वाचली. “निरीक्षकांनी वेळेवर कळवलं होतं, हे स्पष्ट आहे. आणि तुम्हीही नियमानेच वागलात. तुमच्यावर दोष येत नाही.”

“नियमाची पुढची ओळ वाचा, साहेब.”

त्यांनी वाचली. जिवाला धोका असेल तर फाईल स्वतः नेऊन वरिष्ठांच्या हाती द्यावी, मग ती नातेवाइकाची असली तरी.

“ही ओळ मला पाठ होती,” बाई म्हणाल्या.

“मग नेली का नाही?”

“लोक नावं ठेवतील म्हणून. वीस पायऱ्यांचा जिना आहे, साहेब. मोजलाय मी नंतर.”

लेखनिकाने ते उतरवून घेतलं. बाईंनी खाली सही केली.

बाहेर बाकावर भावजय बसली होती. आत काय झालं ते तिला माहीत नव्हतं. तिने बाईंना हात धरून शेजारी बसवलं.

“वन्सं, आता त्यांना कुणी खोटं पाडणार नाही ना?”

“नाही. त्याने लिहिलं होतं, ते आता सगळ्यांना कळलंय.”

“मला वाटलंच होतं, तुम्ही असताना काही होणार नाही.” तिने पदराने डोळे पुसले. “त्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं, नका जाऊ, झाडं तशीच असतील. तर हसले. म्हणाले, ताई तोंडाने नाही म्हणते, पण एव्हाना फाईल स्वतः वर नेऊन दिली असेल तिने. झाडं तुटलीही असतील, बघ.”

भावजयीचा हात अजून बाईंच्या हातात होता.

“नाही गं नेली,” त्या म्हणाल्या.