सोमवारची मोटर

“सोमवारी आंघोळ झाली का दिवा लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही, सूनबाई.”

सासूबाई जाऊन कितीक वर्षं झाली, पण पद्मिनीकाकूंनी त्यांचा शब्द कधी मोडला नाही. रायपूरजवळच्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सोमवारी त्यांना कोणी काही विचारतही नाही.

यंदा त्यांच्या मुलानं, अनिमेषनं, शेतातल्या बोअरवर नवी पेटी बसवली. फोनवर हुकूम दिला की मोटर चालू, हुकूम दिला की बंद. चोरांच्या भीतीनं एकाच माणसाचा आवाज पेटीच्या ओळखीचा ठेवायचा होता. त्याचे वडील श्यामरावकाका पुढे झाले, तर तोंडात तंबाखूचा खर्रा. पेटीनं त्यांचा आवाज घेतलाच नाही. मग काकूंचा दिला. पेटीला कुलूप घालून, चावी घेऊन अनिमेष रायपूरला, समता कॉलोनीतल्या आपल्या घरी गेला. सोमवार कोणाच्या ध्यानातच आला नाही.

फागुनातला सोमवार. काकूंनी मोटर चालू केली, आंघोळ केली नि देवापाशी बसल्या. काकांनी पाइप नीट बांधला नव्हता. तो निसटला आणि पाणी शेजारच्या अंजनाबाईच्या खळ्याकडे धावलं. तिथं तिचा सोंगलेला हरभरा पडलेला. काळी कन्हार माती पाय धरू लागली. अंजनाबाई एक चप्पल चिखलातच सोडून धावत काकूंच्या दारात आली.

“भाऊ, मोटर बंद करा ना! माहा हरभरा बुडून राहिला!”

काकांनी फोन लावला, गळा बारीक केला. “मोटर बंद.”

“आवाज़ पहचानी नहीं गई,” पेटी म्हणाली.

“बाईसारखं बोला, भाऊ!”

“बाईसारखंच बोलून राहिलो! आता लाजू का?”

अनिमेषला विचारलं. “पापा, मम्मी का कोई पुराना वॉइस मैसेज सुना दो,” तो म्हणाला.

काकूंचा फोन काकांच्या फोनला चिकटवला. “बाळा, जेवला का?”

“आवाज़ पहचान ली गई. आदेश समझ में नहीं आया.”

दुसरा लावला. “जेवला का रे?” तिसरा. “अजून नाही जेवला?”

“पोट्ट्याले दुसरं काही विचारतच नाही का वं तू?”

काकूंनी नुसते डोळे वटारले.

अंजनाबाई मटकन खाली बसली. “दीदी, तुमचा नेम हाय, मी बोला म्हणत नाही. पण खायाचं अन् पेरायचं, सारं त्यातच हाय.”

काकूंनी देवाला हात जोडले. फोन घेतला. “मोटर बंद.”

मोटर थांबली.

“बोलली!” काका म्हणाले.

“हव, बोलली! आता मोडलंच हाय तर ऐका. पाइप कोनं बांधाचा होता? तिचा हरभरा कोन वाळवून देईन?” कितीक सोमवारांचं साचलेलं काकूंनी ऐकवलं. मग एकदम डोळे भरून आले. “सासूबाईले आता काय सांगू?”

काकांनी फावडं उचललं. “सांग, उरलेला सोमवार मी पाळतो. हरभराबी मीच पसरवतो.”

“तुमी? अन् गप?” रडता रडता अंजनाबाईला हसू फुटलं.

काकांनी ओठांवर बोट ठेवलं. फावडं खांद्यावर टाकलं आणि चिखल तुडवत खळ्याकडे निघाले.