गरिमाची शिंदेशाही

"दख्खनेतून ग्वाल्हेरला आल्यापासून आपल्या घराण्यात चारचौघांत कुणी पगडी उतरवलेली नाही," मल्हाररावांनी जाहीर केलं. खरं म्हणजे घराण्यात तिशीतच सगळ्यांना टक्कल पडायचं.

नात गरिमा आठव्या वर्षीच त्या पंगतीत येऊन बसली होती. ल्युकेमियाच्या औषधांनी केस गेले, आणि "लोग हसेंगे" म्हणून ती पुढच्या डोससाठी घर सोडायला तयार नव्हती.

ट्रंकेतली पगडी सुनेने धुळीपायी बाहेर काढू दिली नाही. मग मल्हाररावांनी बायकोची जुनी मऊ नऊवारी फाडून, उकळून, वाळवून नातीच्या डोक्यावर शिंदेशाही घाटात बांधली. बोटं आपोआप वळत होती. दसऱ्याला वडील त्यांना अशीच बांधून गोरखी राजवाड्याच्या मिरवणुकीला न्यायचे. पगडी डोळ्यांवर घसरायची आणि अख्ख्या मिरवणुकीत त्यांना फक्त वडिलांचे जोडे दिसायचे.

गरिमा आरशासमोर ताठ झाली आणि आपणहून रिक्षात जाऊन बसली. मल्हारराव तिच्या शेजारी बसले. वडिलांचं नाव घेऊन ते काहीतरी मोठं बोलणार, तोच तिने त्यांची बाही ओढली.

"आजोबा, खुजली होतेय. दवाखाना येईपर्यंत उतारू का?"