ब्रदर लायलचे विरघळणारे खडे

पेपरबार्क क्रीक या खेड्यातल्या महिला मंडळाच्या हॉलमध्ये त्या शनिवारी पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांचे डोळे ब्रदर लायल नावाच्या फिरत्या वैदूच्या बरणीवर. त्याने काचेचे पाच खडे तळहातावर नाचवले, बरणीतल्या ‘डोंगराच्या अश्रूंत’ एकेक सोडले, आणि खडे डोळ्यांदेखत दिसेनासे झाले.

"खडा विरघळला की दुखणं विरघळलं," लायल मधाळ आवाजात म्हणाला. "माउल्यांनो, डॉक्टरची सुरी कशाला? रोज एक चमचा घ्या. पित्ताशयातला खडा लाजून निघून जाईल."

"लाजतो म्हणे," ग्लेनिस पुटपुटली.

शेजारी बसलेली तिची जुनी मैत्रीण नोला म्हणाली, "गुरुवारी मी ऑपरेशनला जाणार नाही."

"अगं, मागच्या महिन्यात लिंबासारखी पिवळी पडली होतीस. पुन्हा खडा अडकला तर जिवावर बेतेल म्हणालेत डॉक्टर."

"माझ्या डोळ्यांनी पाहिलं ना मी. तुला मेलीला कशातच गोड दिसत नाही."

ग्लेनिसने अश्रूंची एक बाटली विकत घेतली. शाळा तिची दहावीतच सुटलेली, पण टी-ट्री झाडाच्या औषधी तेलाच्या कारखान्यात भेसळ तीच पकडायची. थेंब प्रकाशाला किती वाकवतो, तो आकडा ती यंत्रात पाहायची. त्यालाच अपवर्तनांक म्हणतात. सोमवारी तिने यंत्रात अश्रूंचा थेंब ठेवला. १.४७३.

मग कपाटातलं जाडजूड कोष्टक उघडून ती बोट फिरवत बसली. त्या आकड्याच्या आसपास नावं पंचवीसेक. एकाला उग्र वास, एक पाण्यासारखं पातळ, एक चक्क विष. बिनवासाचं, पाकासारखं दाट आणि गोड असं एकच उरलं. नाव वाचून ती एकटीच हसत सुटली. मागच्या पानावर प्रयोगशाळेतल्या काचेचा आकडा होता. तोही तोच.

बुधवारी लायलची दुसरी सभा. पुन्हा पाच खडे बरणीत दिसेनासे झाले. ग्लेनिस पुढे गेली. "ब्रदर, ही गोटी विरघळवा पाहू."

"अश्रद्धाचा खडा विरघळत नाही, भगिनी."

"गोटी माझ्या नातवाची आहे. तो सहा वर्षांचा. नाताळबाबावरसुद्धा श्रद्धा आहे त्याची."

हशा पिकला तेवढ्यात तिने गोटी सोडली. गोटी तळाशी टकमक बघत राहिली. लायल बरणी उचलायला धावला, पण ग्लेनिसने ती चहाच्या गाळणीतून भांड्यात ओतलीही होती. गाळणीत गोटी, आणि तिच्याभोवती पाचही खडे, जसेच्या तसे.

"हे अश्रू म्हणजे ग्लिसरीन," ती म्हणाली. "आयसिंग मऊ राहावं म्हणून आपण केकमध्ये घालतो तेच."

"म्हणजे वीस वर्षं मी अश्रूंचा केक खाऊ घालतेय," मंडळाच्या अध्यक्ष डोरीनबाई म्हणाल्या.

"काचेच्या कडेला प्रकाश वाकतो, म्हणून काच दिसते. ह्याच्या खड्यांची काच आणि ग्लिसरीन प्रकाशाला सारखंच वाकवतात. कड कळेनाशी होते. गोटीची काच वेगळी, म्हणून ती दिसली."

लायल मागच्या दाराने कधी सटकला, कळलंही नाही. नोला गाळणीकडे बघत होती.

"मग माझा खडा?"

"आहे तिथेच आहे गं. दिसत नाही म्हणजे गेला असं नव्हे."

नोलाने पर्स उचलली. "उद्या सकाळी सहाला गाडी घेऊन ये. आणि वाटेत शहाणपण शिकवू नकोस."

ग्लेनिसने शिकवलं नाही. तुम्हाला मात्र सांगते: चमत्काराला हात जोडण्याआधी तो एकदा गाळून पाहा. गाळणी प्रत्येकाच्या घरात असते.