हार न मिळालेली ऐरण

मित्रांनो, माझ्या पाठीवर बोट फिरवलेत तर खड्डे लागतील. ते हातोड्याचे घाव आहेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. मी एक जुनी ऐरण आहे. जौनपूरकडच्या खेड्यात रामूच्या वडिलांनी माझ्यावर नांगराचे फाळ ठोकले. तिथे मला निहाई म्हणत. गावात काम उरले नाही, तेव्हा रामू लोहाराने मला गोणपाटात गुंडाळून भिवंडीला आणले. त्याचे भाऊबंद कापडाच्या लूमवर शिफ्ट करत होते. रामूने मात्र भिवंडीतच टेमघरला पत्र्याच्या शेडमध्ये भट्टी पेटवली.

सुरुवातीची वर्षे थाटाची गेली. शेतकरी विळे, कोयते घेऊन येत. रामू सकाळी माझ्या पाया पडूनच हातोडा उचलायचा. माझ्यावर कुणाला बसू देत नसे.

पुढे मानकोलीकडे शेतांवर गोदामे उभी राहिली. विळे यायचे थांबले, खिडक्यांच्या जाळ्यांची कामे आली आणि रामूने वेल्डिंग मशीन आणले. तेव्हापासून माझा नुसता जळफळाट! पाऊस आला की त्याच्यावर प्लॅस्टिक, आणि गळका पत्रा नेमका माझ्या डोक्यावर. त्याच्या ठिणग्या बघायला लोक थांबत. जणू माझ्या ठिणग्या कधी उडाल्याच नव्हत्या! रामू तर माझ्यावर बसून चहा पिऊ लागला.

२००७ सालची गोष्ट. घरोघरी गणपती बसले होते आणि रामूची विश्वकर्मा पूजाही आली होती. या दिवशी तो औजारांना टिळा लावतो. ज्याला टिळा लागला, त्याला दिवसभर विश्रांती. त्या सकाळी झेंडूचा हार मशीनला, टिळा मशीनला, नारळही मशीनपुढे. मी, हातोडा आणि जुनी भट्टी कोपऱ्यात तसेच राहिलो.

"और निहाई?" रामूच्या बायकोने, मैनाने विचारले.

"उसको क्या टीका लगाना? कल भंगारवाला ले जाएगा. दूसरी मशीन रखनी है."

मला रडता येत नाही. येत असते, तर त्या मशीनवरच जाऊन रडले असते, म्हणजे ते गंजले तरी असते.

दुपारी शेजारच्या कमळाकाकू धावत आल्या. हातात मुळाशी मोडलेली विळी.

"रामू, उद्या गवरी येनार, आनि सासूबाईंची विळी मोडली रं! भाजी कशावर चिरू?"

"काकी, आज नाय होनार. मशीनला टीका लागला, आज त्याला हात नाय लावायचा."

कमळाकाकूंनी माझ्याकडे बोट दाखवले. "आनि हिला? हिला कुठं टिळा लावलास?"

 रामूने भट्टी पेटवली. विळीचे पाते लाल झाले, माझ्यावर आले आणि पहिला घाव पडला. काय सांगू मित्रांनो! हार घालून बसलेले मशीन नुसते बघत होते. विळीला पाटात रोवायचे नवे मूळ निघाले. रामूने घाम पुसला आणि मैनाला हळूच म्हणाला, "बाबूजी की आवाज़ लगती है इसमें."

दुसऱ्या दिवशी भंगारवाला रिकामा परत गेला.

पुढच्या वर्षी पहिला हार माझ्या गळ्यात पडला. मशीनला माझा हेवा वाटला असावा, अशी माझी फार इच्छा आहे. पण खरे सांगते, त्या दिवशी एक कोयता शेवटायला, म्हणजे धार ठोकून घ्यायला, आला आणि तसाच परत गेला. मला टिळा लागला होता ना! सारा दिवस मी त्या कोयत्यासाठी हळहळले. मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूंना हार घालू नका. त्यांना काम द्या.