मार्कांचा प्रोग्रॅम

अफसानाला स्वतःचीच किळस आली होती, आणि यायलाच पाहिजे होती. सात महिने मोबाइलवर प्रोग्रॅमिंगचे एकशे बारा व्हिडिओ पाहिले बाईनं. त्यातला तो गुळगुळीत मास्तर दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "एकदम सोप्पं आहे, मित्रांनो!" सोप्पं कसलं, डोंबल! आणि हिनं काय करावं? प्रत्येक प्रोग्रॅम समास आखून, निळ्या पेनानं वहीत उतरवला. उतरवून काढलं की अभ्यास झाला, एवढंच शाळेनं शिकवलेलं. टाइप करून एकदाही बघितलं नाही.

कुपवाडच्या कारखान्यात ती लोखंडाचे ओतीव भाग वजन करून पास करायची. नऊ वर्षं उभ्यानं. घोटे सुजलेले, नाक शिंकरलं तरी काळंच. कॉम्प्युटरच्या खोलीत जागा निघाली तसं तिनंच तिथल्या जालिंदरसाहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "मला प्रोग्रॅमिंग येतं."

सोमवारी त्यांनी खुर्ची पुढं सरकवली. "ही वजनांची यादी. एक भाग दोन हजार ग्रॅमचा. वीस ग्रॅमपेक्षा जास्त फरक असंल तेवढं बाजूला काढून दावा."

अफसानानं तोंडपाठ असलेला चौदावा धडा घडाघडा टाइप केला. पडद्यावर ओळी आल्या. पास, पास, पास. सगळेच पास.

जालिंदरसाहेब वाकून बघायला लागले. "आवं ताई, पस्तीसच्या वर पास? ही शाळंतल्या पोरांची मार्कं हायती व्हय?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं. शी! पोपट तरी बरा, तो येतं म्हणून मिरवत नाही.

"शनवारपत्तूर बघा," ते म्हणाले. "न्हाईतर दुसरं माणूस घेतो."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत ती त्या खुर्चीत बसली. मंगळवारी नऊ चुका. बुधवारी पडदा ढिम्म. कंस कुठं मिटायचा हेही ठाऊक नाही, आणि म्हणे येतं! डबा उघडायचीही तिला लाज वाटली.

शुक्रवारी चाललं. साडेतीनशे वजनांतनं एकच बाहेर पडलं: एकोणीसशे अठ्ठेचाळीस. पुढं तपासणाऱ्याचं नाव होतं, अफसाना. त्याच यादीतला माल शिरवळला निघालेला, ट्रक दारात उभा.

नाव पुसायला एक बोट पुरलं असतं. प्रोग्रॅम चालतोय, जागा मिळणार, कुणाला काय कळतंय? बोट बटणावर गेलंसुद्धा. आणि मग त्या बोटाचीच तिला अशी शिसारी आली, की ती खुर्ची ढकलून उठली.

"साहेब, ट्रक थांबवा! एक भाग खराब हाय, आन् त्यो मीच पास केलाय."