शुक्रवारच्या आत पट्टा

मंगळवारी किसुमूच्या हॉस्पिटलातून परत येताना किबोस्वाच्या चढावर गाडी किरकिरायला लागली. आई मागच्या सीटवर आडवी होती. डायलिसिस झालं की ती बराच वेळ बोलत नाही, डोळे मिटून पडते. मी रेडिओ बंद केला. आवाज बॉनेटमधून येत होता. वेग वाढवला की वाढायचा.

घरी येऊन बॉनेट उघडलं. पाण्याच्या पंपाखाली गुलाबी कूलंटचा ओघळ. पंप गळत होता.

नुसता पंप असता तर ठीक होतं. पण या इंजिनात पंप बसतो टायमिंग बेल्टच्या मागे. बेल्टच्या झाकणावर जपानी स्टिकर आहे, मागच्या मालकाने बेल्ट कधी बदलला ते सांगणारं. अक्षरं आम्हाला वाचता येत नाहीत, आकडा येतो. त्या आकड्यानंतर गाडी लाखावर किलोमीटर पळली होती. म्हणजे बेल्ट, पंप, प्लग, ऑइल, सगळंच. मोठी सर्व्हिस. आणि हा बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर आतले पिस्टन वर येऊन व्हॉल्व्हना ठोकतात आणि इंजिन जागच्या जागी मरतं. किबोस्वाच्या चढावर. आई मागे.

तिचं मशीन मंगळवारी आणि शुक्रवारी. एक खेप चुकली होती एकदा, तेव्हा पाय खांबासारखे सुजले, बसल्या जागी धाप लागायची. मटाटूने, म्हणजे वडापच्या गाडीने, नेऊन बघितलं होतं. बाकावर दुप्पट माणसं, आणि सुया टोचतात त्याच हातावर कुणीतरी कोंबड्यांचं खोकं टेकवलं. तेव्हापासून गाडीच.

बुधवारी सकाळी अदागालाकडे गेलो. आमच्या चौकातला मेकॅनिक. त्याने आवाज ऐकला, मान हलवली.

"बेल्ट आणि पंप. ठेवून जा."

"कधी मिळेल?"

"उद्या."

त्याच्या आवारात ‘उद्या’ मिळणाऱ्या गाड्यांच्या चाकांतून गवत उगवलं होतं. एका पिकअपमध्ये कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"मला शुक्रवारी पहाटे आईला न्यायचंय," मी म्हटलं.

"मग म्हणतोय ना, उद्या. का, स्वतः करायचा विचार आहे? हो बाबा, तू तर मोबाइलवर शिकलेला सर्जन."

गॅरेजातले सगळे हसले. मीही हसलो. ब्रेक मी स्वतः बदलले होते, क्लचची केबलही. व्हिडिओ बघून. तेव्हापासून चौकात माझं नाव ‘डॉक्टर’.

दुसरी भीती वेगळी. गाडी गॅरेजात दिली की मालकाने स्टूल घेऊन शेजारी बसायचं, चहासुद्धा तिथेच प्यायचा. लघवीला उठलात की तुमचा चांगला अल्टरनेटर दुसऱ्याच्या गाडीत गेला. अदागाला तसा चोर नाही. पण त्याच्याकडे कोण कोण कामाला येतं, ते त्यालाही माहीत नसतं. आणि दिवसभर स्टुलावर बसलो तर आईच्या औषधांचं कोण बघणार? कावोसाताई शाळेत शिकवायला जाते, ती संध्याकाळी येते.

म्हणून म्बालेच्या स्पेअर पार्टच्या दुकानात फोन लावला. म्हटलं, आधी पार्ट हातात असू दे, मग ठरवू.

"नमुना आण," दुकानदार म्हणाला.

"मॉडेल सांगतो. इंजिन नंबरपण सांगतो."

"भाऊ, नंबर कागदावरचा. आत कुणी कुठलं इंजिन बसवलंय ते मला फोनवर दिसतं का? जुना बेल्ट आण, दात मोजून देतो. चुकीचा नेलास तर परत घेणार नाही."

झालं. म्हणजे नवा बेल्ट मिळायला जुना काढायला हवा, आणि एकदा काढला की गाडी उभी. मागे फिरायला जागा नाही. आधी पार्ट, मग निर्णय, असं होणारच नव्हतं.

रात्री जेवताना मी विषय काढला. ताई मक्याच्या उगालीचा गोळा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"तुला वेड लागलंय. ते ब्रेक नाहीत."

"अदागाला दोन आठवडे लावेल."

"मग भाड्याची गाडी करू."

"दर खेपेला? आणि ही कुठवर उभी ठेवायची?"

आई पालेभाजी चिवडत होती. मिठाशिवायची, तिची वेगळी. म्हणाली, "किसिया, तुला येतं का हे?"

"ब्रेक मीच बदलले ना आई."

"मी ब्रेकचं नाही विचारलं."

मी म्हटलं, "तीन वेगवेगळे व्हिडिओ बघितलेत. तिघंही एकच सांगतात. खुणा जुळवायच्या, बेल्ट काढायचा, नवा घालायचा, परत खुणा बघायच्या."

"आणि खुणा हलल्या तर?"

"नाही हलत. कुणी हलवल्याशिवाय नाही हलत."

तिने ताट बाजूला सारलं. "मग कर. पण शुक्रवारी खोटं बोलायचं नाही. झालं नसेल तर झालं नाही म्हणायचं."

रात्रभर डोळ्यासमोर तेच. बोल्ट तुटतो. स्प्रिंग उडते. खूण एक दात चुकते.

गुरुवारी उजाडताच सुरू केलं. अंगणात चिखल, म्हणून गाडी गल्लीत घेतली, तिथे थोडा पक्का तुकडा आहे. उतारही आहे. हँडब्रेक ढिला, म्हणून पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि चाकामागे दगड लावला. आमच्या टेकड्यांवर सगळे असंच करतात, गिअरमध्ये न टाकता कुणी गाडी सोडत नाही. इंजिन हाताने हलकं फिरावं म्हणून चारही प्लग काढले. गिअर काढून खुणा जुळवल्या आणि परत पहिला टाकला. ताईचं नेलपॉलिश घेऊन त्यांवर लाल ठिपके दिले. खालच्या पुलीचा मोठा बोल्ट सुटेना. पान्ह्यावर पाइप चढवून त्यावर अख्खा लटकलो तेव्हा कर्र करून सुटला, आणि मला वाटलं तुटलाच.

नाही तुटला. झाकण निघालं. बेल्टला बारीक भेगा होत्या. कडेची एक दोरी सुटून लोंबत होती. ती बघून मला एकदम बरं वाटलं. चूक नव्हतो मी. पंपही काढला. दोन्ही पिशवीत टाकून बोडाबोडाच्या, भाड्याच्या मोटारसायकलच्या, मागे बसून म्बालेला निघालो.

एक गोष्ट मला माहीत होती. शेजारच्या लुगादिरूकाकांच्या थोरल्या भावाचं शव नैरोबीहून त्या दिवशी येणार होतं, आमच्याच गल्लीतून. संध्याकाळी, असं सांगितलेलं. आता, आमच्याकडे शववाहिनी वेळेवर आलीय असं मी जन्मात बघितलेलं नाही. वाटेत गाणी, थांबे, पंक्चर, नातेवाईक. संध्याकाळी म्हणजे रात्री. दुपारपर्यंत बेल्ट चढवून गाडी बाजूला घेऊ, असा हिशेब.

दुकानात दात मोजून झाले, बेल्ट मिळाला. पंप दुसऱ्या दुकानातून मागवावा लागला, तिथे दुपार गेली. परतताना चौकातूनच हॉर्न ऐकू आले. एकामागोमाग एक. बायकांचं रडणं.

गल्लीत शववाहिनी उभी होती, शव नेताना लावतात तशा हिरव्या फांद्या लावलेली. माझी गाडी होती ती जागा ओलांडून आत आलेली. आणि माझी गाडी खाली, कुंपणाला टेकून.

मी पिशवी टाकून पळालो.

"कुणी ढकलली?"

"आम्ही," लुगादिरूकाका म्हणाले. डोळे सुजलेले. "काय करणार बाळा? भाऊ दारात आलेला. तू नाहीस. हाका मारल्या."

"गिअर काढला होता का? काका, ढकलायच्या आधी गिअर काढला होता का?"

"मी काढायला सांगितला होता."

"कुणाला?"

काकांनी पुतण्याकडे बघितलं. तो म्हणाला, "दार तर मी उघडलं. पण गिअर चर्चच्या त्या उंच माणसाने काढला."

उंच माणूस ढोल गळ्यात घालून उभा होता. "मी? मी तर स्टेअरिंग धरलं होतं."

"जड होती का?"

"जरा जड होती. पण गेली हो. गचका देत गेली."

गचका देत.

मी आत हात घातला. गाडी पहिल्या गिअरमध्येच होती. प्लग काढलेले, म्हणून इंजिनाने त्यांना अडवलं नाही. चाकांबरोबर पिस्टन वरखाली झाले. आणि बेल्ट नसल्यामुळे काही व्हॉल्व्ह होते तिथेच उघडे, पिस्टनच्या वाटेत. खालचा लाल ठिपका भलतीकडेच गेला होता.

कुणावर ओरडणार? त्यांच्या घरात शव. मी काकांचा हात धरला, भाऊ गेल्याचं वाईट वाटलं म्हणालो. खरंच म्हणालो, पण डोक्यात दुसरंच होतं.

मग सगळं जोडलं. दुसरं करणार काय? गिअर काढून खुणा परत जुळवल्या, हळूहळू, पान्ह्याला एका बोटाने ढकलत. पंप, बेल्ट, झाकण. एक बोल्ट तीनदा पडला. प्लग बसवले आणि इंजिन हाताने फिरवून बघितलं. प्रत्येक सिलिंडरला दाब लागायला हवा. एकाला लागला. दुसऱ्याला. तिसऱ्याला. चौथ्याला पान्हा सुळकन फिरला, लोण्यातून सुरी जावी तसा.

तरी चावी मारली. गाडी सुरू झाली, आणि म्हाताऱ्याला हुडहुडी भरावी तशी थरथरायला लागली. मी बंद केली. बराच वेळ आतच बसून राहिलो.

आई काठी टेकत कुंपणापर्यंत आली होती.

"झालं नाही," मी म्हटलं.

"व्हॉल्व्ह का काय ते?"

"एक वाकलाय. नाही तर दोन. हेड उघडावं लागेल."

ती रागावेल असं वाटलं. ती म्हणाली, "बरं. उद्याचं बघ."

भाड्याच्या गाड्यांना फोन केले. सगळ्या अंत्यविधीला लागलेल्या. ताईचा आवाज चढला, "सांगितलं होतं! मी सांगितलं होतं याला!" आईच्या घोट्यांवर सूज यायला लागली होती, मला तिथून दिसत होती.

शेवटी काकाच आले. कुणीतरी सांगितलं असेल. म्हणाले, "वाहिनीचा ड्रायव्हर आज इथेच झोपतोय. पहाटे रिकामी किसुमूला जाणार." मग जमिनीकडे बघत, "आत बाक आहेत. नातेवाइकांसाठीचे. पण... तुझ्या आईला कसं विचारायचं..."

"नाही!" ताई ओरडली. "जिवंत माणसाला त्यात? आजारी माणसाला? लोक काय म्हणतील?"

आईने विचारलं, "ड्रायव्हर दारू पितो का?"

"नाही, चर्चचा आहे."

"मग पुढे बसेन. त्याच्या शेजारी. मागे नाही."

पहाटे निघालो. फांद्या अजून लावलेल्याच होत्या. किबोस्वाच्या उतारावर समोरून येणारी माणसं थांबायची, टोप्या काढायची, मग काचेतून आईला बघून गोंधळायची. आईने एकाला हात केला. मी मागच्या बाकावर बसून प्रत्येक आवाज ऐकत होतो. या गाडीचा बेल्ट कधी बदलला असेल, हेच डोक्यात.

हॉस्पिटलच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवलं. शववाहिनी बघून त्याने हातानेच दाखवलं. "शवागार मागच्या बाजूला. इथून नाही."

आई काच खाली करून म्हणाली, "बाळा, आज पुढूनच जाऊ दे. मागचं नंतर बघू."

ड्रायव्हर हसायला लागला. पहारेकऱ्याला काय करावं कळेना, त्याने फाटक उघडलं.

तिला मशीनला लावलं. नर्सने वजन बघून काही म्हटलं नाही, म्हणजे ठीक. मी बाहेर कठड्यावर बसून अदागालाला फोन केला. त्याच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती.

"काय डॉक्टर, पेशंट गेला ना?"

"एक सिलिंडर गेलाय. हेड उघडून देशील?"

"आणतोस कधी?"

"ओढून आणतो आज. पण मंगळवारी पहाटे मला गाडी पाहिजे. खरं सांग, होईल?"

तो ‘उद्या’ म्हणाला नाही. मागे कुणीतरी लोखंड ठोकत होतं.

"शनिवार, रविवार, सोमवार," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह मिळाले तर होईल. नाही मिळाले तर नाही. आत्ता नाही सांगता येत."

"बरं."

"आणि ते हेड मी उघडणार. तू नुसतं बघायचं."

"बघेन," मी म्हटलं. फोन ठेवला आणि मंगळवारसाठी भाड्याची गाडी शोधायला लागलो.